‘मान्सूनचा आस’ की ‘मान्सूनची आस’?

‘मान्सूनचा आस उत्तरेकडे सरकल्याने राज्यात पावसाची उघडीप’ अशी बातमी वाचून एका वाचकाने विचारले आहे : आस तर स्त्रीलिंगी, मग ‘मान्सूनची आस’ नको का? आणि आस सरकेल कशी?

बातमीतले लिंग बरोबर आहे. मराठीत ‘आस’ दोन आहेत. आपण पावसाची आस लावून बसतो ती ‘आशा’पासून आलेली, स्त्रीलिंगी. बातमीतला आस पुल्लिंगी, तो ‘अक्ष’पासून आला. ‘क्ष’चा आपल्याकडे स किंवा श होतोच : कुक्षीची कूस झाली, मक्षिकेची माशी, क्षेत्राचे शेत. बैलगाडीची चाके ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात तो आस. काही गाडीवाले त्याला आखही म्हणतात. लहानपणी आजोबा चाक उतरवून वंगण घालायचे, तेव्हा बाहेर आलेले त्याचे काळे, घासून गुळगुळीत झालेले टोक मला अजून दिसते. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पृथ्वीचा आस’ हा तोच शब्द.

आता तो हवामानाच्या नकाशावर शोधू. सारखा दाब असलेली ठिकाणे जोडून काढलेल्या वळणदार रेषा म्हणजे समभार रेषा. प्रत्येकीवर आकडा असतो : ९९६, ९९८, १००० हेक्टोपास्कल. जुलैच्या नकाशात सर्वांत लहान आकडे पाकिस्तान-राजस्थानच्या बाजूला दिसतात आणि तिथून रेषा आग्नेयेला, गंगेच्या मैदानावरून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत लांबत जातात. हा लांबट भाग म्हणजे कमी दाबाचा पट्टा. त्याच्या आत दाब जिथे जिथे सर्वांत कमी, ती ठिकाणे जोडणारी रेघ म्हणजे आस. आकडे पुसट असले तर वाऱ्याचे बाण पाहा. आसाच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडून येतात, उत्तरेला पूर्वेकडून. बाणाला पिसे असतात त्या बाजूने वारा येतो. अख्खे पीस म्हणजे वाऱ्याचा १० नॉट वेग, अर्धे म्हणजे ५ नॉट. बाण जिथे तोंड फिरवतात, तिथे आस.

म्हणजे पट्ट्याला रुंदी आहे, आसाला नाही. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मला ते खटकते, कारण ‘सरकला’ हे क्रियापद रेघेला जितके नेमके बसते तितके शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्याला बसत नाही.

आणि सरकणे हीच तर खरी बातमी असते. गाडीचा आस जागचा हलत नाही, हा मात्र हलत राहतो. तो नेहमीच्या जागी किंवा दक्षिणेला असला की उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारतात शिरतात आणि विदर्भापासून कोकणापर्यंत पाऊस धरतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिकडे मुसळधार आणि आपल्याकडे खंड. ऑगस्ट २०२३ मध्ये तो बरेच दिवस तिथेच होता; देशभराचा विचार करता १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांनी ज्या आसेने आभाळाकडे पाहिले, ती आस स्त्रीलिंगी.

गोंधळ झाला तर विभक्ती लावून पाहावी. ‘आसाचे पश्चिम टोक’ म्हटले की रेघ, ‘आसेने वाट पाहिली’ म्हटले की मन.

आणखी एक. ‘दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा’ असेही वाचायला मिळते. तो वेगळा. किनाऱ्याला समांतर असा समुद्रावर तयार होतो आणि कोकण-गोव्यात पाऊस वाढवतो. त्याला बातमीत सहसा पट्टाच म्हणतात. नुसते ‘मान्सूनचा आस’ लिहिले असेल, तर तो राजस्थानापासून उपसागरापर्यंतचाच समजावा.