बट्टा नाण्याला की टांकसाळीला?

प्रश्न असा आला आहे: एका पक्षाचा माजी उमेदवार सभेत भलतेच बोलून गेला. बातमीचा मथळा होता, 'माजी उमेदवाराची जीभ घसरली, पक्षाच्या नावाला बट्टा'. एकाच्या बोलण्याने अख्ख्या पक्षाला बट्टा लागतो, असे म्हणणे मराठीत बरोबर आहे का?

आधी 'जीभ घसरली'चा निकाल लावू, कारण हा प्रयोग रोज चुकीचा कानावर आदळतो. पाय घसरतो तो मनाविरुद्ध. जिभेचेही तसेच. म्हणायचे एक असते, तोंडून दुसरे निघते, आणि बहुधा दोन्ही शब्दांचा तोंडवळा सारखा असतो. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात, भरतमुनींनी बसवलेल्या नाटकात लक्ष्मीची भूमिका करणारी उर्वशी 'पुरुषोत्तम' म्हणायच्या जागी आपल्या प्रियकराचे नाव, 'पुरूरवा', म्हणून जाते. खरी घसरलेली जीभ ती. (आणि भरतमुनींचा शाप तिला एकटीला बसतो, सगळ्या नटसंचाला नाही.) टाळ्यांसाठी थांबून दुसऱ्यांदा म्हटलेल्या अपमानाला घसरणे म्हणू नये. 'बरळला', 'ताळतंत्र सोडून बोलला', 'शिवीगाळ केली' यांतले जे घडले ते लिहावे. पारख अगदी सोपी आहे: त्या जागी कोणता शब्द यायला हवा होता तो ठेवून पाहा. एक शब्द बदलून वाक्य सरळ झाले तर जीभ घसरली. सगळे वाक्यच बदलावे लागत असेल तर जिभेला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता बट्टा. कोशांत याच्यापुढे डाग, कलंक, काळिमा अशी माळ लावलेली असते आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. हे शब्द एका माळेचे मणी नाहीत. कलंक चंद्रावरचा, तो जात नाही. काळिमा फासला जातो, त्याला फासणारा हात लागतो. डाग धुता येतो. बट्टा मात्र मोजता येतो! बदनामीच्या सगळ्या शब्दांत आकड्यात सांगता येणारा हा एकटाच, कारण तो सराफाच्या पेढीवरून आला आहे.

पेशवाईच्या काळात बाजारात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये फिरत: अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी. सगळे रुपयेच, पण वजन निराळे आणि चांदीचा कस निराळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर मधला फरक सराफ कापून घेई. तो फरक म्हणजे बट्टा. 'शेकडा दोन रुपये बट्टा' हा हिशेब होता, त्यात कोणाची निंदा नव्हती. वटाव हाही याच व्यवहारातला शब्द, आणि आजही चेक 'वटतो' तो त्याच पेढीवर.

सराफ काय करी ते पाहा. नाणे उलटसुलट करून छाप बघे, म्हणजे टांकसाळ कोणती आणि साल कोणते. मग दगडावर टाकून ऐके. चांगली चांदी खणखणीत वाजते. भेसळ असली किंवा आत चीर गेली असली तर आवाज बद्द येतो. मग तागडीत वजन. तरीही शंका उरली तर कस लावून बघे. 'खणखणीत बोलणे' आणि 'बद्द वाजणे' हे दोन्ही प्रयोग माणसाच्या वाणीला लागले ते या दगडावरून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोंड उघडले की माणूसही असाच पारखला जातो.

या पारखीत बट्ट्याची दोन कारणे निघत, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. एक, झीज. हजार हातांतून फिरून किंवा कोणी कडा कातरल्यामुळे एखादे नाणे हलके होते. हा बट्टा त्या एका नाण्याचा. त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे पुऱ्या किमतीला जाते. दोन, कस. टांकसाळीनेच चांदी कमी घातली असेल तर प्रत्येक नाणे उणे भरते, अगदी काल पाडलेले कोरेसुद्धा. हा बट्टा टांकसाळीच्या नावाला, आणि तो एका नाण्यावरून कोणी ठरवत नसे. वेगवेगळ्या थैल्यांतली, वेगवेगळ्या सालांची नाणी तपासली आणि सगळी सारखीच उणी भरली, तरच.

१८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया काढला: वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यानंतर टांकसाळीनुसार बट्टा कापण्याचा धंदा हळूहळू आटला. शब्द उरला, हिशेब गेला, आणि बट्टा म्हणजे नुसता डाग असे लोक समजू लागले. 'बट्टा जुनाट आहे, कलंक लिहा' असा सल्ला देणाऱ्या शुद्धलेखनतज्ज्ञांना माझा स्वच्छ विरोध आहे. ते मापाचा शब्द काढून बिनमापाचा शब्द हातात देतात, आणि मग एका माणसाच्या एका वाक्याने अख्खा पक्ष 'कलंकित' होतो. 'बट्ट्याबोळ'ही मला याच घराण्यातला वाटतो. सगळी रक्कम बट्ट्यातच जावी, हाती काही उरू नये, अशी ती अवस्था. काही जण त्याचा संबंध बाटण्याशी जोडतात. मला ते पटत नाही. बट्ट्याबोळ व्यवहाराचा होतो, बेताचा होतो, लग्नाच्या तयारीचा होतो. विटाळाचा वास त्याला कुठेच नाही.

तेव्हा मथळा लिहिणाऱ्याने सराफाच्या क्रमाने जावे. छाप आणि साल आधी: नुसते 'माजी उमेदवार' पुरत नाही. माजी आमदाराकडे निदान एक पद होते, ते गेले. उमेदवार म्हणजे उमेद धरणारा, आणि निकाल लागला की प्रत्येक उमेदवार माजीच. म्हणून 'अमुक साली या पक्षाच्या तिकिटावर लढलेले' असे लिहावे, आणि आज ते पक्षात आहेत की नाहीत तेही. मग झीज की कस: असेच बोलणे त्याच पक्षातल्या इतरांकडून आले आहे का? शेवटी, टांकसाळ ते नाणे परत घेऊन वितळवते, की पुऱ्या किमतीला पुन्हा चालवते? पक्षाने जाहीर नापसंती दाखवली तर 'त्यांनी स्वतःच्या नावाला बट्टा लावला' एवढेच लिहावे. पक्षाने दुसऱ्या दिवशी त्यांनाच व्यासपीठावर बसवले तर 'पक्षाच्या नावाला बट्टा' बेलाशक लिहावे. दोन्हीकडे क्रियापद मात्र नीट निवडा. बट्टा लागतो, लावला जातो, भरून निघतो. परवा एका मथळ्यात तो 'फासला' होता. फासतात ते काळे.