कझानला येतोयस, एआय आहे, तरी रशियन शिकायची का?

तू विचारलंस की रशियात कझानला एमबीबीएसला येतोय, लेक्चर इंग्लिशमधे, फोनमधे एआय आहेच, मग रशियनवर वेळ कशाला घालवू. मी सात वर्षं इथे आहे, शिकावीच लागेल बाबा, आणि एआयमुळे तर जास्तच नीट.

इथे पोरं एआयला 'नेयरोन्का' म्हणतात, पुस्तकी शब्द नेयरोसेत म्हणजे न्यूरल नेटवर्क, 2023 साली मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटने तो वर्षाचा शब्द ठरवला होता. एआयला दिलेल्या सूचनेला, म्हणजे प्रॉम्प्टला, आपण प्रत्यय लावून प्रॉम्प्टला, प्रॉम्प्टमधे करतो तसंच हेही 'प्रोम्प्ट'ला प्रत्यय लावून मोकळे. 'जनरेट करून टाक' म्हणजे 'स्गेनेरी', त्यातला सुरुवातीचा 'स' म्हणजे आपलं 'टाक'.

पण चॅटबॉटची रशियन ओळखू येते. रशियनमधे वर्तमानकाळात 'आहे' गाळतात आणि दोन नामांमधे लांब रेघ मारतात, मॉस्को, मग रेघ, मग राजधानी. शाळेतलाच नियम आहे हा, पण चॅटमधे कोण पाळतो, छोटा हायफन मारायचा आणि पुढे. रशियन 'यो' (ё) अक्षरावरचे दोन ठिपके पण बहुतेक जण देतच नाहीत. आता लांब रेघ आणि ठिपके दोन्ही जागच्या जागी दिसले की लोक विचारतात, नेयरोन्काने लिहिलंय का? म्हणजे शुद्ध लिहिणाराच संशयित, प्रूफरीडर लोकांची कीव येते मला. मी घरमालकीणबाईंना नळ गळतोय एवढंच कळवायचं होतं, बॉटने 'आदरणीय' पासून सुरू करून चार परिच्छेद दिले, बाईंचा घाबरून फोन, काय रे, घर सोडतोयस का?

अजून एक, रशियनमधे भूतकाळाला आपल्यासारखंच लिंग असतं, तू-तुम्ही पण आहे. भाषांतराची बरीच टूल्स मधे इंग्लिशवरून जातात, तिथे दोन्ही गळून पडतं. मैत्रिणीने मराठीत 'मी आजारी पडले' टाकलं, तिकडे निघालं 'मी आजारी पडलो', आणि प्रोफेसरबाईंना 'तू' करून वर.

वॉर्डात तर फोन काढायलाच लाज वाटते. एक आजी म्हणाल्या, 'व्स्यो लोमित'. ॲपने दाखवलं, सगळं मोडतंय. मी वाकून पलंगाचे पाय बघायला लागलो, नर्स हसून बेजार. आजींचं अंग मोडून आलं होतं रे.