निवेदन नेमके कुणाला द्यायचे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची ११ मुले आहेत. शाळा बंद करून त्यांना अडीच किलोमीटरवरच्या शाळेत पाठवणार, असे कानावर येते. वाटेत ओढा आहे. आंदोलन करावे का?
– एक पालक, अकोले तालुका

उत्तर : जरूर करा, पण आधी कागद गोळा करा. कानावर आलेल्या गोष्टीवर अधिकारी ‘असा प्रस्तावच नाही’ म्हणून मोकळा होतो आणि जमलेली माणसे घरी परततात. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा (जवळच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) उभारण्याचे प्रस्ताव राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले होते. तुमच्या शाळेचे नाव अशा प्रस्तावात आहे का, ते आधी माहिती अधिकारात विचारा. अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘शाळा का बंद करता?’ असे विचारले तर ‘ही माहिती नव्हे’ असे उत्तर येते. म्हणून ‘आमच्या शाळेबाबत पाठवलेला प्रस्ताव, त्यावरचे शेरे आणि पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात’ एवढेच लिहा.

उत्तराची वाट पाहताना अंतर मोजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा चालत १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. त्याच नियमात परिसरात ६ ते ११ वयाची किमान २० मुले असावीत असा उल्लेख आहे आणि समोरचा अधिकारी तो तुम्हाला नक्की दाखवेल. त्यासाठी तयार राहा. पटावरची ११ मुले सांगून थांबू नका. वाडी आणि शेजारच्या पाड्यांवरची या वयाची सगळी मुले घरोघरी जाऊन मोजा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेली आणि पटावर न आलेली मुलेही यादीत घ्या. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले की कमी भरते आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच फसवे होतात. सगळ्यात लांबच्या घरापासून मुले खरोखर चालतात त्या वाटेने मोजा. ओढ्याला पाणी आल्याने मुले किती दिवस येऊ शकली नाहीत, ते हजेरीपटावरून काढा.

यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, त्यामुळे तिच्या ठरावाला वजन आहे. मग विषय ग्रामसभेत न्या. तो लेखी देऊन नोटिशीतच येईल असे पाहा. नोटीस सात दिवस आधी निघते. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषयही घेता येत नाही. आयत्या वेळी विषय मांडणाऱ्यांची हीच गाडी चुकते. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आयांनी हा विषय मांडला तर फार बरे, कारण ओढ्यातून पोर उचलून नेणे बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते.

ठरावात मागणी एकच ठेवा : शाळा आहे त्या जागी चालू ठेवावी. रस्ता, पाणी, मोबाइल टॉवर त्यात घातले की अधिकारी सोपी मागणी पुरी करून फाइल बंद करतो. ठराव, अंतराचा तक्ता आणि मुलांची यादी जोडून निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. प्रती प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. निवेदनात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार असे स्पष्ट लिहिलेत तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. धरणे याच काळात धरा, हातात आवक क्रमांक असताना.

प्रश्न : शाळेत महिन्यातून आठ-दहा दिवस खिचडी शिजतच नाही. तक्रार केली की ‘तांदूळ आला नाही’ म्हणतात.

उत्तर : तांदूळ, इंधन किंवा स्वयंपाकी नाही, कारण कोणतेही असो, मुलाचा हक्क बुडत नाही. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार ज्या दिवशी जेवण मिळाले नाही त्या दिवसाचे धान्य आणि पैसे अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचे असतात. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. म्हणून ‘कधीकधी मिळत नाही’ असे लिहू नका, तारखा लिहा. दोन पालकांनी महिनाभर साध्या वहीत रोज तीनच नोंदी कराव्यात : शिजले का, किती मुले जेवली, काय होते. एका मुलाचे रोजचे प्रमाणही माहीत असू द्या : पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. धान्य अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर राग काढू नका. माल न पोचणे हा त्यांचा दोष नाही आणि उद्या साक्ष लागली तर त्यांचीच लागेल.

प्रश्न : मोर्चात मुलांना न्यावे का? फोटो टाकले तर चालतील का?

उत्तर : मुलांचे म्हणणे ऐकले जाणे हा त्यांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, तिच्या कलम १२ मध्ये तो आहे. पण गर्दी वाढवायला मुले आणणे हा त्यांचा वापर झाला. मुलाला यायचे नसेल तर आणू नका. येणार असेल तर पालक सोबत हवा, पाणी हवे आणि भर उन्हात अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे करू नका. घोषणा मोठ्यांनी द्याव्यात. मुलांनी त्यांना जे म्हणायचे ते स्वतः लिहावे.

फोटोबाबत मात्र कडक राहा. अत्याचारग्रस्त, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा साक्षीदार मुलाचे नाव, शाळा, चेहरा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्याय मागणारेच फलकावर अत्याचार झालेल्या मुलीचे नाव लिहितात. हेतू चांगला असला तरी नुकसान तिचेच होते. लहान गावात आईचे नाव किंवा गल्लीचा फोटोही पुरेसा असतो.

प्रश्न : पोलीस परवानगीसाठी काय लागते?

उत्तर : तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार दोघांची नावे आणि फोन नंबर, एवढे लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. जमावबंदी लागू आहे का (महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ३७), ते तिथेच विचारा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयाशेजारी अनेकदा न्यायालय असते, तेव्हा जागा आदल्या दिवशी पाहून या.