लाटवियन भाषेतला 'विल्क्स' हा शब्द कुठून आला? त्याचा अर्थ बदलत गेला का?

विल्क्स म्हणजे लांडगा, आणि शब्द खूपच जुना आहे. संस्कृतातला वृक, लिथुआनियनमधला विल्कस, रशियन वोल्क, सगळे एकाच इंडो-युरोपियन मुळातून आलेत, म्हणजे या सगळ्या भाषांच्या एकाच जुन्या पूर्वज भाषेतून. मराठीत आपण लांडगा म्हणतो पण भीमाच्या 'वृकोदर' या नावात तो वृक अजून आहेच.

काहींना वाटतं की विल्क्स हा 'विल्क्ट' म्हणजे ओढणे यावरून आला, लांडगा मेंढी ओढून नेतो म्हणून, पण हे उच्चार सारखे वाटतात म्हणून जोडलेलं नातं आहे, मला ते अजिबात पटत नाही.

अर्थाची गंमत खरी पुढे आहे. जनावराचं नाव घेतलं की ते येतं अशी भीती, म्हणून जुने लोक लांडग्याला जंगलाचा कुत्रा किंवा 'दिएवा सुन्स' म्हणायचे, म्हणजे देवाचा कुत्रा, आणि बघा, दिएव्स आपल्या देवचा भाऊ आणि सुन्स श्वानचा! विल्क्सपासूनच 'विल्कात्सिस' झाला, लांडग्याचं रूप घेणारा माणूस. आता तो भयानकच वाटतो, पण १६९१ मध्ये लिवोनियात, म्हणजे आजच्या लाटविया-एस्टोनियाच्या भागात, थीस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोर्टात ठामपणे सांगितलं की आम्ही विल्कात्सिस देवाचे कुत्रे आहोत, चेटके चोरून नेतात ते धान्य नरकातून परत आणतो. त्याला फटके आणि हद्दपारी मिळाली.

आज 'विल्त्सिन्श' म्हणजे छोटा लांडगा, आणि मुलांचा भोवरासुद्धा.