बोटं प्रेसमध्ये गेली, पॉलिसीत पगार नऊ हजार

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझं पॉवर प्रेसचं छोटं वर्कशॉप आहे. सात कामगार आहेत, ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू नाही. पंधरा दिवसांपूर्वी एका मुलाची एका हाताची दोन बोटं डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) सापडून तुटली. वय 30, पगार 18,000. डब्ल्यूसी (कामगार भरपाईची) पॉलिसी आहे, पण हप्ता कमी बसावा म्हणून एजंटने पगार 9,000 लिहिला होता. आता किती मिळेल? कामगाराने गार्ड (मशीनचं सुरक्षेचं साधन) काढला होता, त्यामुळे माझी जबाबदारी कमी होते का?

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. पॉलिसी असो वा नसो, ती तुमचीच. विमा कंपनी फक्त तुमच्या वतीने पैसे देते, तेही तुम्ही जेवढा पगार जाहीर केला तेवढ्याच हिशेबाने. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हिशेबाची रीत तीच राहिली आहे.

पगार 18,000 असला तरी हिशेबाला 15,000 धरतात. ही मर्यादा जानेवारी 2020 मध्ये ठरली. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे गुणक दिलेला असतो, तिसाव्या वर्षाचा 207.98. गुणाकार 18,71,820 रुपये, ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर तक्त्यात 20 टक्के लिहिले आहेत, म्हणून त्या मुलाचा हक्क 3,74,364 रुपयांचा. पॉलिसीतल्या 9,000 वर हाच हिशेब केला तर 2,24,618 येतात. मधले 1,49,746 रुपये तुमच्या खिशातून जाणार. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा असतो, आणि साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो. जादा हप्ता भरून वैद्यकीय खर्चाचं कलम घेतलं आहे का, ते पॉलिसीच्या पानांवर आजच पाहा. घरी बसलेल्या काळात दर पंधरवड्याला हिशेबाला धरलेल्या पगाराच्या 25 टक्के, म्हणजे इथे 15,000 चे 3,750 रुपये द्यावे लागतात. पहिले तीन दिवस वगळतात, पण कामावर यायला 28 दिवस किंवा जास्त लागले तर पहिल्या दिवसापासून धरतात.

आता गार्डचं. कामगाराने मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं तर मालकाला बचाव मिळू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तोही नाही. पण आपल्या मशीनकडे एकदा नीट पाहा. दोन हातांची बटणं असलेल्या प्रेसवर एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असतं, किंवा बटणं बाजूला ठेवून पायाचं पेडल जोडलेलं असतं, कारण तासाला नग जास्त निघतात. एक हात मोकळा राहतो, तो डायमधला जॉब (तयार नग) काढायला आत जातो, आणि त्याच वेळी रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग, खाली येतो. ती पट्टी सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत महिनोन्‌महिने असेल, तर ‘कामगाराने मुद्दाम केलं’ हे सिद्ध होत नाही. जॉब काढायला लांब चिमटा किंवा चुंबक द्या. त्याची किंमत या हिशेबापुढे काहीच नाही.

विमा कंपनीला अपघाताची लेखी सूचना दिली नसेल तर आज द्या. सोबत हजेरीपत्रक, पगारपत्रक, वयाचा पुरावा, पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे कागद आणि अपंगत्वाचा दाखला लागेल. कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही. मस्टरमधला (हजेरीपत्रकातला) पगार आता 9,000 करण्याचा मोह कृपा करून टाळा. बँकेतून गेलेला पगार दुसरंच सांगेल. उरलेल्या सहा जणांचा खरा पगार एन्डोर्समेंट (पॉलिसीतली लेखी दुरुस्ती) करून या आठवड्यात पॉलिसीत चढवा.

प्रश्न : लासलगावला कांद्याचं खळं आहे. प्रतवारी आणि गोणी भरायला मुकादम आठ मजूर आणतो, पैसे मी मुकादमाला देतो. मजूर माझे धरले जातात का?

उत्तर : भरपाईसाठी, हो. प्रतवारी हा तुमच्या धंद्याचाच रोजचा भाग आहे, त्यामुळे मजूर थेट तुमच्याकडे मागणी करू शकतो. दिलेली रक्कम नंतर मुकादमाकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण हंगाम संपल्यावर तो सापडायला हवा. रोजंदारी आहे, चार दिवसांचं काम आहे, हे आता कारण होत नाही. पॉलिसी घेताना कंत्राटी मजुरांचं कलम मागून घ्या आणि त्यांची मजुरी अंदाजाने जाहीर करा. वर्षअखेर प्रत्यक्ष आकडा देऊन हप्त्याचा फरक मिटवता येतो. मुकादमाच्या हजेरीवहीचा रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपघाताच्या दिवशी तो माणूस कामावर होता हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : सातपूरला 12 जण आहेत, ईएसआय भरतो. डब्ल्यूसीही घ्यावी का?

उत्तर : ईएसआयमध्ये असलेल्यांसाठी नको. त्यांना दुहेरी भरपाई मागता येत नाही. पण 21,000 पेक्षा जास्त पगाराचे लोक ईएसआयबाहेर असतात, त्यांच्यासाठी घ्या. पगार मध्येच वाढला तर सप्टेंबर किंवा मार्चअखेर, म्हणजे चालू सहामाही संपेपर्यंत, तो कामगार ईएसआयमध्येच राहतो. नव्या माणसाची नोंद मात्र पहिल्याच दिवशी करा.

प्रश्न : सिन्नरच्या आमच्या गोदामात कामगार दगावला. घरच्यांशी पाच लाखांवर समझोता झाला आहे. स्टॅम्पपेपर पुरेल का?

उत्तर : नाही. मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडेच (नव्या संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’) जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त वारसांना दिलेल्या तीन महिन्यांच्या पगाराइतक्या आगाऊ रकमेचा. हक्क सोडल्याचा करार मुळातच रद्द ठरतो. तीस वर्षांच्या, 15,000 पगाराच्या माणसामागे ही रक्कम 15,59,850 होते. वारसांना दावा करायला दोन वर्षं आहेत, तोवर व्याज चढत राहील. घरच्यांना आत्ता जी तातडीची मदत द्यायची ती बँकेतून द्या, अपघाताचा अहवाल सात दिवसांत पाठवा, आणि पूर्ण रक्कम महिन्याच्या आत आयुक्तांकडे भरा.