पाटा कुठे तुटला, चासी कुठे तडकली?

दहाचाकी टिपरच्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, केबिनच्या मागे तडा गेला. वेल्डिंग केलं, तर तीन महिन्यांत पुन्हा तिथेच उघडला. रॉड हलका वापरला असेल का? (टिपरमालक, चाकण)

रॉडच्या आधी सबफ्रेमचं, म्हणजे चासीवर बसवलेल्या बॉडीखालच्या चौकटीचं, पुढचं टोक बघा. ते काटकोनात कापलेलं असेल, तर तिथपर्यंत चासी ताठ राहते आणि पुढे एकदम लवते. सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. टोक तिरकं कापून निमुळतं करा आणि चासीवर टेकणारी खालची कड गोल घासून घ्या. हे न करता कितीही चांगलं वेल्डिंग केलंत तरी तडा परत येणारच.

आता दुरुस्ती. तडा डोळ्याला दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो, म्हणून डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून खरं टोक शोधा. तिथे साधारण 6 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने पूर्ण जाडीत व्ही खाच करा, ओव्हनमध्ये सुकवलेला 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड वापरा आणि जोड घासून सपाट करा. आधाराची पट्टी वेबवर, म्हणजे उभ्या भागावर, बोल्टने बसवा; तिचीही टोकं तिरकीच हवीत. वरच्या-खालच्या फ्लँजवर, म्हणजे आडव्या भागांवर, भोक पाडू नका, आडवं वेल्डिंगही नको, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. काही चासी उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादाच्या असतात. कंपनीच्या पुस्तिकेत वेल्डिंगला मनाई असेल, तर ती पाळा. काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या वायरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे) कनेक्टर काढा, वेल्डिंगची अर्थ वायर जोडाच्या अगदी जवळ लावा.

मागचे पाटे (स्प्रिंगच्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या) सेंटर बोल्टच्या भोकातच तुटतात. पाट्यांचा माल खराब येतो का? (गॅरेजमालक, बार्शी)

भोकातूनच तुटत असतील, तर पहिला संशय ढिल्या यू-बोल्टवर, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टवर, घ्या. सेंटर बोल्टचं काम फक्त पाटे आणि ॲक्सल जागेवर ठेवण्याचं, पकड यू-बोल्टची. ती सुटली की पाटे मधोमध लवायला लागतात, आणि भोकामुळे नेमकी तीच जागा सर्वांत कमजोर. पाट्यांच्या मध्ये आणि ते टेकतात त्या सीटभोवती लालसर गंजाची पूड दिसली, तर समजा की तिथे हालचाल होते आहे.

नवे पाटे बसवताना यू-बोल्ट आणि नटही नवे घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही. गाडीचं वजन ॲक्सलवर घेऊन नट कर्णरेषेत, थोडे थोडे करत, कंपनीने दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) आवळा. 500 ते 1000 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले पडतात, आणि हीच दुसरी आवळणी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

उसाच्या हंगामासाठी दोन पाटे वाढवले तर चालेल का? (वाहतूकदार, श्रीगोंदा)

नाही. पाटे वाढवल्याने ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी यांची क्षमता तसूभरही वाढत नाही. उलट पाटे लवेनासे झाले की खड्ड्याचा दणका थेट हँगर ब्रॅकेटच्या (पाटे चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) रिव्हेटवर आणि चासीवर जातो. नव्या दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 2018 साली 16.2 वरून 18.5 टन झाली; पण तुमच्या गाडीला आरसीवर असेल तेवढंच वजन लागू.

गाडी रस्त्यावर तिरकी चालते, मागचे टायर खाते. पुढचं अलाइनमेंट ठीक आहे. (चालक, कोल्हापूर)

मग मागचे ॲक्सल तपासा. सपाट जमिनीवर दोन्ही बाजूंनी, मागच्या दोन ॲक्सलच्या हबच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. डाव्या-उजव्या मापात 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर ॲक्सल समांतर नाहीत. टॉर्क रॉडच्या (ॲक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशला पहार लावून हलवून बघा. रबर फाटलेलं असेल तर रॉड सैल हलतो. पाट्यांच्या पिना-बुशही बघा, कारण ग्रीस न मिळालेली पिन एका बाजूने झिजून ॲक्सल हळूहळू मागे सरकू देते. ॲक्सल बरोबर निघाले, तर चासीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. कर्ण जुळले नाहीत, तर चासी तिरपी झाली आहे. ते काम चासी सरळ करणाऱ्या प्रेसवाल्याकडेच द्या, जॅक आणि साखळीने घरी करू नका.

शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) गेला, हे कसं ओळखावं? (चालक, नगर)

खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि एकाच ॲक्सलच्या दोन्ही शॉकअपना हात जपून लावा. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. बॉडीवरून तेल ओघळत असेल तर तपासायची गरजच नाही, त्या ॲक्सलचे दोन्ही बदला.