पुण्यात नाताळची रोषणाई बघायला दोघांनी कुठं जावं?

तुमचा प्रश्न असा की दोघंही पुण्यात नवीन आहात, डिसेंबरातली एकच संध्याकाळ मोकळी मिळतेय, सगळे एम. जी. रोड सुचवतात, पण तिथली गर्दी झेपेल का.

एम. जी. रोडला जा, पण शेवटी. सुरुवात पेठेतून करा. पुण्यात नाताळचे दिवे खरे बघण्यासारखे असतात ते चर्चच्या आवारात आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या घरांवर. दुकानांवरच्या माळा काय, दिवाळीतही दिसतात. मॉलमधलं भलंमोठं झाड बघायचं असेल तर ते कुठल्याही शहरात बघा, त्यासाठी थंडीत बाहेर पडायची गरज नाही.

साधारण सहाला, अंधार पडता पडता, गुरुवार पेठेत पंचहौदला पोचा. मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथलं पवित्र नाम देवालय १८८५ चं. दगडी इमारत आणि शेजारी घंटांचा उंच मनोरा. हे तेच पंचहौद मिशन, जिथं १८९० मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी मिशनऱ्यांकडे चहा प्यायली, गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्यानं) नावं पेपरात आणली आणि धर्म बाटला म्हणून प्रकरण पार प्रायश्चित्तापर्यंत गेलं. बायकोला (किंवा नवऱ्याला) हे तिथंच उभं राहून सांगा आणि बाहेर पडल्यावर टपरीवर दोन कटिंग मारा. आता कुणी नावं छापत नाही. उपासना चालू असेल तर आत मोबाईल खिशात ठेवा, एवढं पथ्य पाळा.

तिथून क्वार्टर गेट. सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिली होती, म्हणजे हे कॅम्पातल्या इंग्रजी चर्चेसच्या आधीचं. आवारात गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माचा, देखावा असतो, पण मला जास्त आवडतात ते मागचे बोळ. जवळजवळ प्रत्येक दाराशी कागदाची चांदणी, भोकं पाडलेली, आत पिवळा बल्ब. त्याची नक्षी समोरच्या भिंतीवर पडते आणि वारा आला की भिंतभर फिरते. मागे एकदा आम्ही तिथून जात होतो, एक काका स्टुलावर उभे राहून माळ लावत होते. अर्धी पेटलेली, अर्धी बंद. "ओ साहेब, जरा टोक धरता का?" नवऱ्यानं धरलं. या स्वस्त माळांत दिवे ओळीनं जोडलेले असतात, एकाचा संपर्क सुटला की त्याच्या ओळीतले सगळे जातात. त्यामुळे काका एकेक दिवा चिमटीत धरून दाबत चालले होते आणि खालून त्यांची सून "आता नवीन आणा हो बाबा" म्हणत होती. माळ काही पेटली नाही. आम्हाला मात्र करंजी आणि शंकरपाळे मिळाले. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असतो, बरं का, नुसता केक नाही. नवरा सदाशिव पेठेतला. दिवाळी होऊन गेल्यावर पुन्हा करंजी मिळते म्हटल्यावर तेव्हापासून दरवर्षी तोच आधी तयार होतो.

मग रिक्षानं कॅम्प. दुचाकी नेऊ नका, लावायला जागा शोधण्यातच निम्मी संध्याकाळ जाते. एम. जी. रोड एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, सांताच्या टोप्या विकणाऱ्या पोरांशी घासाघीस करा, मार्झोरिनमध्ये वरच्या गॅलरीत जागा मिळाली तर सँडविच खात खालची वर्दळ बघत बसा. रोषणाईपेक्षा माणसं बघायला मजा येते. कयानी बेकरीचा केक किंवा श्रूजबेरी बिस्किटं हवी असतील तर त्या दिवशी त्या नादाला लागू नका. आदल्या दिवशी सकाळी जाऊन घ्या. दुपारी ते बंद असतात, हे पुण्यात नवीन असलात तरी एव्हाना ऐकलं असेलच.

अंगात जाड काहीतरी असू द्या. पेठेत थंडी वाजत नाही म्हणून माणूस फसतो, कॅम्पात रेसकोर्सच्या बाजूला वळलं की कान गार पडतात.

दिवस कुठला? २४ ची रात्र सोडून कुठलाही. २४ ला चर्चमध्ये त्यांचा स्वतःचा सण असतो, आपण बघे म्हणून मध्ये मध्ये करू नये, आणि एम. जी. रोडवर खांद्याला खांदा लागतो. २६ ते ३० मध्ये दिवे तेच, गर्दी बेताची. बऱ्याच ठिकाणी गव्हाणी ६ जानेवारीपर्यंत ठेवतात, तेव्हा अगदीच नाही जमलं तर नवीन वर्षातला पहिला शनिवार-रविवारही चालेल. २४ लाच जायचं असेल तर त्या संध्याकाळी एम. जी. रोड वाहनांना बंद करतात, कुठून कुठपर्यंत ते वाहतूक पोलिसांच्या सूचनेत येतं. ती वाचून निघा आणि परतीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ आधीच बघून ठेवा, कारण त्या रात्री रिक्षावाले मीटरनं येत नाहीत.